डाव्या बाजूचे सातवे सिलिंडर : एका स्पीडबोटीच्या इंजिनाच्या दुरुस्तीच्या नोंदी

बोट २४ फुटी, एका इंजिनाची, मांडव्याला नांगरलेली. इंजिन शेव्हरोले घराण्यातील छोट्या ब्लॉकचे ५.७ लिटर व्ही-८, ३०० अश्वशक्तीचे, स्टर्नड्राइव्हला (बोटीच्या मागे बसणाऱ्या, पंखा फिरवणाऱ्या भागाला) जोडलेले आणि थेट समुद्राच्या पाण्याने थंड होणारे. पूर्ण थ्रॉटलला त्याने ४,८०० ते ५,२०० आरपीएम (मिनिटाला फेरे) द्यावेत, अशी त्याची मूळ अपेक्षा आहे. याच जातीचे इंजिन वापरणारे कोकण किनाऱ्यावर बरेच आहेत, आणि ही दुरुस्ती स्वतः उभे राहून करवून घेणाऱ्याला उपयोगी पडावे म्हणून या नोंदी तारखेनुसार ठेवल्या आहेत.

२० एप्रिल २०२५, रविवार

गेटवेहून मांडव्याकडे परतताना अर्धे अंतर ओलांडल्यावर ४,४०० आरपीएमवर चालणारे इंजिन अचानक ३,६०० वर उतरले. बोटीला थरथर सुटली आणि मागून फटफट आवाज येऊ लागला. तापमानाचा काटा ७१ अंश सेल्सिअसवर, म्हणजे थर्मोस्टॅटच्या जागी स्थिर होता आणि तेलाचा दाबही नेहमीसारखा होता, त्यामुळे इंजिन तापले असेल ही शंका मी तिथेच मनातून काढून टाकली. हा पहिला चुकीचा निष्कर्ष होता. तो का चुकीचा होता, हे जूनमध्ये कळले.

धक्क्याला लागेपर्यंत मंद गतीने आलो. तिथे आवाज ऐकण्यासाठी मी इंजिन बंद करून तीन वेळा पुन्हा सुरू केले, आणि ही त्याहून मोठी चूक होती. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबले जात नाही आणि स्टार्टरच्या एका फेऱ्यात कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. चालत्या इंजिनाची ताकद अशी एकाएकी गेली असेल, तर आठही प्लग काढल्याशिवाय किल्लीला हात लावू नये. माझे नशीब म्हणून रॉड वाचला.

२३ एप्रिल

प्लग काढून स्टार्टर फिरवला. डाव्या बाजूच्या मागच्या दोन सिलिंडरांतून, म्हणजे ५ आणि ७ मधून, किंचित ओलसर फवारा आला. या इंजिनात डावीकडे १, ३, ५, ७ आणि उजवीकडे २, ४, ६, ८ असे क्रमांक असतात. तो फवारा मी पेट्रोलचा धरला, बोटाला लावून चाखून किंवा हुंगून पाहिला नाही.

कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, पीएसआयमध्ये (पाउंड प्रति चौरस इंच) : पहिले १६५, दुसरे १७०, तिसरे १६०, चौथे १६८, पाचवे १४२, सहावे १६५, सातवे ६०, आठवे १७०. सर्वांत कमी आकडा सर्वांत जास्त आकड्याच्या सत्तर टक्क्यांखाली जाऊ नये, असा सर्वसाधारण नियम आहे. सातवे त्या मर्यादेच्याही निम्म्याच्या आसपास होते, पाचवे नियमात बसत असले तरी शेजाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे खाली होते, आणि त्या १४२ कडे मी दुर्लक्ष केले.

२५ एप्रिल ते ६ मे

हे बारा दिवस पूर्णपणे वाया गेले. त्यांचा हिशेब मांडणे मला आवश्यक वाटते, कारण ही चूक अनेक जण करतात.

पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. माझ्या इंजिनाच्या उत्पादकाने दहा टक्क्यांपर्यंतचीच मुभा दिली आहे. अमेरिकेत तर पंधरा टक्क्यांचे मिश्रण बोटींच्या इंजिनात भरण्यास कायद्याने मनाई आहे. माझ्या इंजिनाच्या संगणकाला एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर नाही, त्यामुळे इंधन बदलले तरी तो ठरावीक तक्त्याप्रमाणेच फवारणी करतो. शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, तर वीस टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला साडेतेरा पटीच्या आसपास पुरते, म्हणून तेवढ्याच फवारणीत मिश्रण दुबळे होते आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह अधिक तापतो. हे सगळे खरे आहे, आणि खरे असल्यामुळेच मी त्यात अडकलो. फिल्टरच्या तळाशी चमचाभर पाणी सापडल्यावर तर माझी खात्रीच झाली.

मी टाकी उपसून १४० लिटर पेट्रोल काढले, पाणी वेगळे करणारा फिल्टर बदलला, इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या रेलवरचा दाब मोजला, तो ४३ पीएसआय म्हणजे बरोबर होता. आठही इंजेक्टर काढून तपासायला पनवेलला पाठवले आणि आठही निर्दोष परत आले. खर्च ९,००० रुपये.

मिस्त्रींनी दुसऱ्याच दिवशी एक प्रश्न विचारला होता : "दादा, पेट्रोल खराब असतं तर ते एकट्या सातव्याला कसं कळलं?" टाकीतला दोष आठही सिलिंडरांना सारखाच भोवतो. एकच सिलिंडर गेले तर दोष त्याच्या प्लगमध्ये, इंजेक्टरमध्ये किंवा व्हॉल्व्हमध्ये शोधावा; शेजारची दोन गेली तर त्यांच्यामधल्या गॅस्केटकडे किंवा दोघांच्या सामाईक एक्झॉस्टकडे पाहावे; आणि एक पूर्ण बाजू कमजोर असेल तर त्या बाजूचे मॅनिफोल्ड (चारही सिलिंडरांचा जळालेला वायू गोळा करणारा बिडाचा भाग) संशयित धरावे. हा क्रम मला ठाऊक होता, तरीही हाताशी आलेल्या कारणाच्या मोहात मी तो सोडून दिला.

८ मे

लीकडाउनची चाचणी केली, जी खरे तर २३ एप्रिललाच करायला हवी होती. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून प्लगच्या भोकातून १०० पीएसआय हवा सोडायची आणि किती दाब टिकतो ते पाहायचे. १-८-४-३-६-५-७-२ या फायरिंगच्या क्रमाने क्रँक पाव फेरा पुढे नेत गेलो की प्रत्येक पिस्टन आपोआप जागेवर येतो. सहा सिलिंडरांत गळती सहा ते दहा टक्के, पाचव्यात २२, सातव्यात ७०. सातव्याची हवा एक्झॉस्टच्या वाटेने स्पष्ट ऐकू येत होती, तेलाच्या झाकणातून किंवा थ्रॉटलमधून नाही. म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बसत नव्हता.

त्यानंतर ३,२०० रुपयांचा कॅमेरा प्लगच्या भोकातून आत घातला. सातव्या व्हॉल्व्हच्या कडेला नखाएवढी खाच पडलेली होती आणि सिलिंडरच्या भिंतीवर विटकरी रंगाचा पापुद्रा होता. पाचव्यातही तोच रंग, फक्त फिकट. दुबळ्या मिश्रणाने गंज चढत नाही. हे खारे पाणी होते, आणि ते अठरा दिवस तिथेच बसले होते.

पाणी शिरल्याचा संशय येताच त्याच दिवशी प्लग काढून, पाणी उडवून, सिलिंडरमध्ये फॉगिंग ऑइल (गंज रोखणारे तेल) मारायचे असते आणि इंजिन हाताने दोन फेरे फिरवायचे असते. मी ते आज केले. खाऱ्या पाण्याला एवढी मोकळीक दिल्याची किंमत पुढे मोजावी लागलीच.

तेलात पाणी नव्हते, काठी स्वच्छ निघाली. त्यामुळे हेड किंवा ब्लॉक तडकल्याची शक्यता कमी झाली आणि वाट एक्झॉस्टकडूनच आहे, असे दिसू लागले.

२३ मे

बोट क्रेनने वर काढण्याची तारीख ३० मे ठरली होती, पण आभाळ आठवडाभर आधीच भरून आले आणि तांडेलांनी आजच काढून घ्या म्हणून निक्षून सांगितले. त्यांचे ऐकले ते बरे झाले. यंदा पाऊस २६ मेलाच मुंबईत दाखल झाला. घाईत क्रेनवाल्याला जादा द्यावे लागले, दोन्ही वेळचे मिळून २२,००० रुपये. शेडवर ताडपत्री टाकून बोट ट्रॉलीवर उभी केली.

३ जून

डाव्या बाजूचे मॅनिफोल्ड आणि त्यावरचा रायझर, म्हणजे जळालेला वायू वर नेऊन मागे सोडणारा वाकडा भाग, उतरवला. या रचनेत थंड करणारे पाणी आणि जळालेला वायू एकाच सांध्यातून शेजारी-शेजारी वर जातात आणि मध्ये फक्त बिडाची एक कड व गॅस्केट असते. मागच्या बाजूला ती कड बोटभर लांबीत खाल्ली गेली होती. गॅस्केट तिथे काळे होऊन हाताने चुरत होते. रायझर मॅनिफोल्डच्या मागच्या टोकाला बसतो आणि इंजिन मागे उतरते असते, म्हणून सांध्यातून झिरपलेले पाणी आधी सातव्याच्या आणि मग पाचव्याच्या दाराशी साचते. इंजिन बंद झाल्यावर जो व्हॉल्व्ह उघडा राहिला असेल त्यातून ते आत जाते. उरलेले पाणी तापलेल्या व्हॉल्व्हवर आणि त्याच्या सीटवर रोज थोडे-थोडे काम करते. सीटवर गंज धरला, व्हॉल्व्ह पुरता बसेनासा झाला, त्या फटीतून ज्वाळा निसटू लागल्या आणि कड जळाली.

मॅनिफोल्डच्या पाण्याच्या वाटा बुच मारून बंद केल्या आणि डिझेल भरून रात्रभर ठेवले. डावीकडची पातळी सकाळी दोन बोटे उतरली होती. उजवीकडची टिकली.

हे भाग सहा हंगाम समुद्रात चालले होते. खाऱ्या पाण्यात त्यांचे आयुष्य तीन ते पाच वर्षे धरतात, आणि बाहेरचा रंग शाबूत असल्यामुळे मी ते कधी उघडून पाहिले नव्हते. बिडाचे हे भाग आतून जातात. दोन हंगामांनी एकदा रायझर उचलून सांधा डोळ्यांनी पाहणे आणि नवे गॅस्केट घालणे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे.

१० जून

एक गोष्ट सुटत नव्हती. दोन्ही बाजू एकाच दिवशी बसवलेल्या, पाणी एकच, वापर एकच. मग डावी बाजू सडली आणि उजवी टिकली, असे का? नवे मॅनिफोल्ड मागवण्याच्या आधी याचे उत्तर हवे होते, कारण मूळ कारण तसेच राहिले असते तर नवे भागही त्याच वाटेने गेले असते.

जुनी वही काढली. नोव्हेंबर २०२३ मध्ये मी स्वतः लिहिले होते : "पाणी कमी येत होते. पंपाचा इम्पेलर बदलला. तीन पाती तुटलेली." त्या दिवशी नवा इम्पेलर (पंपातले पाणी ढकलणारे रबरी पात्यांचे चाक) बसवल्यावर मागून भरपूर पाणी येऊ लागले, म्हणून काम संपले असे मी मानले. ती तीन पाती गेली कुठे, हा प्रश्न मी विचारलाच नव्हता.

आज पाण्याची पूर्ण वाट पंपापासून उघडत नेली. दोन पाती स्टीअरिंगच्या कूलरच्या तोंडाशी शिंपल्यांच्या चुऱ्यासह अडकलेली सापडली. तिसऱ्याचा तुकडा कूलरच्या नळ्यांतून निसटण्याइतका लहान होता. तो थर्मोस्टॅटच्या घरातून डाव्या मॅनिफोल्डकडे जाणाऱ्या रबरी नळीच्या टोकाला, पितळी जोडात आडवा बसला होता. जोडाचे तोंड त्याने निम्म्याहून अधिक अडवले होते.

आता २० एप्रिलचा काटा समजला. डॅशबोर्डवरचे तापमान ब्लॉकमधल्या पाण्याचे असते, आणि थर्मोस्टॅट ते ७१ अंशांवर राखतो. मॅनिफोल्डला जाणाऱ्या पाण्याचे तापमान मोजणारे तिथे काहीच नसते. डावे मॅनिफोल्ड दीड वर्ष तहानलेले चालत होते, त्यात क्षार साचत होते, गॅस्केट भाजत होते, आणि माझ्यासमोरचा काटा पूर्ण प्रामाणिकपणे ७१ दाखवत होता.

तीनही तुकडे जुन्या इम्पेलरच्या खोबणीशी लावून पाहिले. तंतोतंत बसले. इम्पेलर बदलताना पाती मोजावीत, आणि जितकी कमी भरतील तितकी सापडेपर्यंत वाट उघडत राहावी. त्या दिवशी या कामाला फार तर दोन तास लागले असते.

१६ जून ते ४ ऑगस्ट

दोन्ही बाजूंचे मॅनिफोल्ड आणि रायझर मागवले. जकात आणि वाहतुकीसह १,७२,००० रुपये आणि सात आठवडे. उजवीकडचे टिकले होते तरी सहा हंगामांचे भाग परत बसवण्यात अर्थ नव्हता.

मधल्या काळात दोन्ही हेड उतरवली. सातव्या आणि पाचव्या सिलिंडरच्या भिंतीवरचा गंज हलक्या होनिंगने (भिंत बारीक घासून) निघाला. सातव्यात बोटाला न लागणारा, पण डोळ्यांना दिसणारा डाग राहिला आहे. मिस्त्रींच्या मते आणखी आठवडाभर पाणी राहिले असते तर बोअर वाढवून मोठे पिस्टन घालावे लागले असते. आठही एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नवे घातले, सातव्याची सीट बदलली, बाकीच्या घासून घेतल्या. हेडचे काम ४६,००० रुपये.

मशिनवाल्याने गाडीचे हेड गॅस्केट देऊ केले. मापाने ते बसते आणि किंमत तिसरा हिस्सा असते. गाडीत गोडे पाणी आणि कूलंट असते, इथे खारे पाणी थेट गॅस्केटच्या कडेला लागते, त्यामुळे गंज न धरणाऱ्या धातूचे सागरी गॅस्केटच हवे. संच २४,५०० रुपयांचा आला. हाच नियम स्टार्टर, अल्टरनेटर आणि इंधनपंपालाही लागू होतो, मात्र तिथे कारण अधिक गंभीर आहे. बोटीच्या पोटात पेट्रोलची वाफ साचते आणि गाडीच्या उघड्या अल्टरनेटरची एक ठिणगी तिला पुरते. पैसे वाचवण्याची ही जागा नव्हे, आणि सुरू करण्यापूर्वी चार मिनिटे ब्लोअर चालवण्याचा नियमही मी कोणालाही मोडू देत नाही.

९ ऑगस्ट

हेड बसवली. बोल्ट आधी २२ पाउंड-फुटांवर आवळले, मग कोनाच्या मापाने आखूड बोल्ट ५५, मधले ६५ आणि लांब ७५ अंश फिरवले. या ब्लॉकमध्ये हेडचे बोल्ट पाण्याच्या पोकळीत उतरतात, म्हणून प्रत्येकाच्या आट्यांना सीलंट लावावे लागते. मी बोल्ट पुसून, सीलंट लावून मांडत होतो आणि मध्येच जेवायला उठलो.

१२ ऑगस्ट

फ्लशिंग मफ (स्टर्नड्राइव्हच्या पाण्याच्या तोंडांवर बसणारे, नळाचे पाणी देणारे रबरी कप) लावून गोड्या पाण्यावर इंजिन सुरू केले. पहिल्या फटक्यात पेटले आणि सरळ चालले. दहा मिनिटांनी उजव्या हेडच्या एका बोल्टच्या डोक्याखालून पाणी पाझरू लागले. जेवायला उठलो तेव्हा तोच एक बोल्ट कोरडा राहिला होता. पुन्हा रॉकरचे झाकण, पुन्हा पाणी काढणे, पुन्हा कोनाचे माप. दोन दिवस गेले. आता काम मध्ये थांबवायचे झाल्यास सीलंट लावलेल्या बोल्टांवर खडूची खूण करतो.

१५ ऑगस्ट

गळती बंद. अवरक्त किरणांच्या थर्मामीटरने मोजले : मंद गतीत डावा रायझर ४२ अंश, उजवा ४१. तळहात दोन्हींवर आरामात टिकतो. हेच मोजमाप मागच्या वर्षी एकदा जरी केले असते, तर १,८०० रुपयांच्या या उपकरणाने डाव्या-उजव्यातला फरक दाखवला असता.

२७ ऑगस्टला गणपती असल्यामुळे क्रेन आणि मिस्त्री दोघेही सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत मिळणार नव्हते. त्या मोकळ्या दिवसांत दोन्ही रायझरांनंतरच्या एक्झॉस्टच्या नळ्यांवर तापमानाचे सेन्सर आणि एक भोंगा बसवला, आणि पंपानंतरच्या नळीवर समुद्राच्या पाण्याचा दाब दाखवणारा काटा लावला. एकूण १६,५०० रुपये. पाण्याचा दाब आरपीएमबरोबर चढला पाहिजे. तो नेहमीपेक्षा कमी असेल तर इम्पेलर किंवा पाण्याचे तोंड पाहायचे, जास्त असेल तर पुढे कुठेतरी अडथळा आहे असे समजायचे.

१४ सप्टेंबर, रविवार

बोट पाण्यात. उभ्या बोटीत, टाकी भरलेली असताना, पाण्याच्या रेषेपासून रायझरच्या माथ्यापर्यंत ३६ सेंटिमीटर भरले, म्हणजे मागून लाट शिरण्याची भीती नाही.

पहिला तास २,५०० ते ३,५०० आरपीएममध्ये गती बदलत चालवले. नंतर पूर्ण थ्रॉटल दिले, तर चार माणसांसह इंजिन ४,६०० च्या वर जाईना. दुरुस्तीत काही चुकले, या शंकेने पोटात गोळा आला, पण कॉम्प्रेशन आठही सिलिंडरांत १६० ते १७२ च्या दरम्यान होते. वही पाहिल्यावर उलगडले की एप्रिलच्या आधीसुद्धा भरलेल्या बोटीत ४,६०० च मिळत होते. दोन वर्षांपूर्वी वेग वाढावा म्हणून मी २३ इंच पिचचा पंखा लावला होता (पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा तत्त्वतः जेवढा पुढे जाईल ते अंतर).

पूर्ण थ्रॉटलला अपेक्षित आरपीएम न गाठणारे इंजिन चढावर वरच्या गिअरमध्ये रेटलेल्या ट्रकसारखे चालते. भार जास्त, फेरे कमी, सिलिंडरमधले तापमान वर, आणि मिश्रण दुबळे असेल तर व्हॉल्व्हवरचा ताण दोन्ही वाटांनी येतो. माझ्या सातव्या व्हॉल्व्हला पाण्याने मारले हे खरे, पण त्याला आधीपासून थकवण्याचे काम या पंख्याने केले असावे, असे माझे मत झाले आहे.

२१ सप्टेंबर

२१ इंच पिचचा पंखा, ३८,००० रुपये. पिच एक इंच कमी केला की साधारण दीडशे ते दोनशे आरपीएम वाढतात. तेवढाच माणसांचा भार ठेवून ४,९५० मिळाले. कमाल वेग एका नॉटने उतरला. बोट पाण्यावर उठायला मात्र पूर्वीपेक्षा कमी वेळ घेते.

याच दिवशी लाटेवरून बोट उडाली आणि पंखा क्षणभर हवेत गेला, तेव्हा आरपीएमचा काटा कसा उसळतो ते पाहिले. आता खवळलेल्या पाण्यात लाटेच्या माथ्यावर थ्रॉटल मागे घेण्याची सवय हाताला लावतो आहे.

१९ ऑक्टोबर

२६ तास झाले. तेल बदलले, सव्वाचार लिटर, स्वच्छ. ३,५०० वर रायझरांतला फरक तीन अंशांहून जास्त कधीच दिसला नाही. इंधनाच्या बाबतीत टाकी भरून ठेवणे सोडले आहे. फेरीपुरते पेट्रोल भरतो, फिल्टरचे पाणी दर पंधरा दिवसांनी काढतो, आणि पूर्ण थ्रॉटल एका वेळी दोन-तीन मिनिटांपुढे नेत नाही. प्रत्येक फेरीनंतर पंधरा मिनिटे गोड्या पाण्याने धुणे आता खलाशाच्या वहीत सहीनिशी नोंदले जाते.

हिशेब : मॅनिफोल्ड व रायझर १,७२,०००, हेड ४६,०००, गॅस्केट २४,५००, क्रेन २२,०००, पंपाचा संच १३,५००, मजुरी ६०,०००, तपासणीची उपकरणे ११,००० आणि पेट्रोलमागे घालवलेले ९,०००, असे मिळून दुरुस्ती ३,५८,००० रुपयांना पडली. सेन्सर, दाबाचा काटा आणि पंखा यांचे ५४,५०० वेगळे.

९ नोव्हेंबर

डावा रायझर मुद्दाम उचलून पाहिला. सांध्याची कड कोरी, गॅस्केट एकसारखे दाबलेले, पाण्याचा माग कुठेही नाही. कॅमेरा सातव्यात घातला, व्हॉल्व्हची कड अखंड आहे आणि भिंतीवरचा डाग जूनमध्ये होता तेवढाच आहे. पंपही उघडला आणि इम्पेलरची पाती मोजली, सगळी जागेवर होती. नवे गॅस्केट घालून सांधा आवळला आणि शेडच्या दारामागे पुढची तारीख लिहून ठेवली.